अनेक नजरांची कादंबरी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो पगारवाढ, बोनस, ठेकेदारी आणि कामगार कायदे यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची साहजिक समजूत असते. आज आम्ही त्या विषयांना रजा दिली आहे. आजचा विषय कादंबरीवाचनाचा आहे; आणि कादंबरी तीही अद्भुत, जिच्यात ड्रॅगन आहेत, मेलेली माणसे उठून चालतात आणि एकेक उन्हाळा वर्षानुवर्षे टिकतो. पोटापाण्याच्या प्रश्नांत तीस वर्षे घालवलेल्या माणसाला असल्या पुस्तकात काय सापडले, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम एक खुलासा. आम्ही साहित्याचे प्राध्यापक नव्हे. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. इंग्रजी शिकलो ते शब्दकोश मांडीवर घेऊन, न्यायालयाचे निवाडे वाचता वाचता. तेव्हा येथे समीक्षेची परिभाषा मिळणार नाही. एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला सांगावे, तसे हे सांगणे आहे.

कोणतीही गोष्ट हाती घेतली की पहिला प्रश्न हा, की सांगणारा कोठे उभा आहे? आपल्या जुन्या कादंबऱ्यांत तो बहुधा उंच गच्चीवर उभा असतो. त्याला सगळ्यांच्या घरांतले दिसते आणि सगळ्यांच्या मनातले कळते. दुसरी रीत आत्मकथनाची. तेथे सांगणारा एकच, आणि त्याला दिसेल तेवढेच आपल्याला दिसते. तिसरी रीत अशी, की एकच कथा अनेकांच्या नजरेतून सांगावयाची. ही रीत आपल्याला परकी नाही. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७ साली प्रसिद्ध झाले, आणि या सभागृहातल्या निम्म्याअधिक मंडळींनी ते वाचलेले असणार. त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशी सहा माणसे आपापल्या तोंडाने बोलतात. कथा तीच, पण कुंती बोलू लागली की कर्णाच्या मुखातून ऐकलेल्या गोष्टीला दुसरा रंग चढतो. ज्याने ‘मृत्युंजय’ वाचले, त्याला आजचा विषय अर्धा ठाऊक आहे.

आता आम्ही ज्या कादंबरीविषयी बोलणार, तिचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन हे अमेरिकन गृहस्थ. त्यांचा जन्म १९४८ साली न्यू जर्सी राज्यातल्या बेयॉन या बंदराच्या गावी झाला. वडील गोदी कामगार. कुटुंब गोदीजवळच्या सरकारी वसाहतीत राही. मार्टिन यांनी पत्रकारितेचे शिक्षण घेतले, लघुकथा लिहिल्या, पुढे काही वर्षे दूरचित्रवाणीसाठी लेखन केले. १९९६ साली त्यांच्या बृहत्‌ कादंबरीचा पहिला खंड ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ बाहेर पडला, १९९८ आणि २००० साली दुसरा व तिसरा, २००५ साली चौथा आणि २०११ साली पाचवा. तिच्यावरून केलेली मालिका २०११ ते २०१९ या काळात जगभर पाहिली गेली. येथल्या तरुण मंडळींना ती ठाऊक असेलच. पण मालिका पाहणे वेगळे आणि पुस्तक वाचणे वेगळे. पडद्यावर कॅमेरा सगळ्यांकडे बाहेरून पाहतो. पुस्तकात मात्र आपण एका वेळी एकाच माणसाच्या डोक्यात बसलेले असतो, आणि आमचा विषय नेमका तोच आहे.

रचना सोपी आहे. पहिल्या खंडात एक उपोद्‌घात आणि बहात्तर प्रकरणे. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एका व्यक्तीचे नाव, आणि त्या प्रकरणात आपल्याला कळते ते फक्त त्या व्यक्तीला दिसले, ऐकू आले आणि मनात आले तेवढेच. अशा व्यक्ती आठ: उत्तरेकडचा सरदार एडर्ड स्टार्क, त्याची पत्नी केटलिन, त्यांची मुले सान्सा, आर्या आणि ब्रॅन, एडर्डचा अनौरस म्हणून वाढलेला जॉन, प्रतिस्पर्धी लॅनिस्टर घराण्यातला ठेंगू टिरियन, आणि समुद्रापलीकडे परागंदा झालेली राजकन्या डेनेरिस. लेखक मध्ये येऊन ‘वाचकहो, यातले खरे हे’ असे एकदाही सांगत नाही.

याने काय साधते, ते एका उदाहरणाने सांगतो. ज्यांना पुस्तक अजून वाचावयाचे आहे, त्यांनी हवे तर थोडा वेळ कान झाकून घ्यावेत! सात वर्षांचा ब्रॅन जुन्या बुरुजावर चढतो आणि खिडकीतून राणी सर्सी आणि तिचा सख्खा जुळा भाऊ जेमी यांना एकांतात पाहतो. आपण काय पाहिले हे त्या पोराला समजतही नाही. जेमी त्याला खिडकीतून खाली ढकलतो. पोरगा वाचतो, पण पाय जातात आणि त्या क्षणाची आठवणही जाते. मग त्याला ठार मारायला एक मारेकरी येतो. त्याचा सुरा केटलिनच्या हाती लागतो. तो सुरा टिरियनचा, असे तिचा एक जुना स्नेही तिला सांगतो आणि ती विश्वास ठेवते. वाटेवरच्या एका खानावळीत टिरियन समोर येतो, तेव्हा ती भर लोकांत त्याला पकडते. त्या एका अटकेतून दोन घराण्यांत युद्ध पेटते.

आता वाचकाची अवस्था पाहा. आपण ब्रॅनच्या डोक्यात बसून खिडकीतले दृश्य पाहिलेले असते. टिरियनच्या डोक्यात बसून त्याला सुऱ्यातले काही ठाऊक नाही हेही आपल्याला कळलेले असते. आणि अटकेचे प्रकरण आपण वाचतो ते केटलिनच्या डोक्यात बसून. तेव्हा तिच्या पोटातली आग आपल्याही पोटात असते. ती दुष्ट नाही, मूर्खही नाही. तिच्याजवळ जेवढी माहिती आहे, तेवढीवर ती आई म्हणून वागते. सगळे ठाऊक असलेला माणूस या कथेत एकच आहे, आणि तो म्हणजे वाचक. पण त्याला सभेत उठून ‘अहो बाई, थांबा!’ असे म्हणता येत नाही. गच्चीवरून सांगितलेल्या कथेत ही तळमळ अशी क्वचितच वाट्याला येते.

अशी कादंबरी वाचताना पुष्कळ जण एक करतात. आवडत्या पात्राचे प्रकरण मन लावून वाचतात आणि नावडत्याचे नाव माथ्यावर दिसले की पाने उलटतात. सभेतही हा प्रकार आम्ही नेहमी पाहतो. आपल्या गटाचा वक्ता बोलून झाला की त्याचे लोक चहाला बाहेर पडतात. त्यांना मग ठराव कळतो, पण ठराव का झाला ते कळत नाही. नावडत्या पात्राचे प्रकरण हेच खरे वाचनाचे काम आहे.

त्याची परीक्षा या कादंबरीत जेमीच्या बाबतीत होते. जेमी हा राजाचा अंगरक्षक असताना त्याने त्याच राजाला मारले, म्हणून जग त्याला राजहंता म्हणते. पहिल्या दोन खंडांत आपण त्याला फक्त इतरांच्या नजरेने पाहतो. लहान मुलाला खिडकीतून ढकलणारा आणि शपथ मोडणारा एवढीच त्याची ओळख. तिसऱ्या खंडात, म्हणजे पहिल्या खंडानंतर चार वर्षांनी, प्रकरणाच्या माथ्यावर त्याचे नाव येते. तेव्हा कळते, की त्या वेड्या राजाने राजधानीखाली जागोजागी ज्वालाग्राही द्रव्य पुरून ठेवले होते आणि सारे शहर माणसांसकट जाळण्याचा हुकूम दिला होता. जेमीने राजाला मारले म्हणून शहर वाचले. हे त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही मानापोटी कोणाला सांगितले नाही.

येथे वाचक घसरण्याचा संभव असतो. कित्येक जण म्हणतात, आता जेमी आम्हांला पटला, तो निर्दोष आहे. आमचे मत तसे नाही. शहर वाचवले हे खरे, आणि ब्रॅनचे पाय गेले हेही खरेच राहते. एखाद्याची बाजू ऐकून घेणे हा त्याचा हक्क आहे. ती ऐकली म्हणजे त्याला सोडून दिले असे होत नाही. उलट ऐकल्यावरच निकालाला वजन येते. ‘प्रत्येकाची आपापली बाजू असते’ असे म्हणून खांदे उडवणारी माणसे अलीकडे फार झाली आहेत. बाजू प्रत्येकाला असते, हे कबूल. पण प्रेसखाली बोटे एकाचीच जातात.

हे आम्ही उगाच म्हटले नाही. आमच्या भागातल्या एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी पॉवर प्रेसवर काम करताना एका कामगाराची उजव्या हाताची दोन बोटे गेली. व्यवस्थापनाने त्याच्यावरच हलगर्जीपणाचे आरोपपत्र ठेवले आणि चौकशी बसवली. कामगाराच्या बाजूने आम्ही उभे होतो. सुपरवायझरचा जबाब: पाळी सुरू झाली तेव्हा मशिनला गार्ड होते. मेंटेनन्सच्या फिटरचा जबाब: गार्ड ढिले झाल्याची तक्रार रजिस्टरात नोंदली होती, पण सुटा भाग मिळाला नाही. स्टोअरकीपरचा जबाब: मागणी वर पाठवली होती, मंजुरी आली नाही. कामगाराचा जबाब: ठरलेले नग पुरे करावयाचे होते. मौज अशी, की चौघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हता. चार जबाब, चारही खरे, आणि तरी बोटे कशी गेली याचा उलगडा त्यांतून होईना.

पाचवा एक जण तेथे होता. डायच्या पलीकडून नग उचलणारा, एकोणीस-वीस वर्षांचा ठेकेदाराचा हेल्पर. गार्डमुळे काम मंदावते म्हणून दोन तास आधी ते काढायला कोणी सांगितले, हे त्याने समोर उभे राहून पाहिले होते. त्याचा जबाब कोणी घेतला नव्हता. कारण विचारले, तर उत्तर आले की तो आमच्या मस्टरवर नाही. त्याला साक्षीला बोलवावे एवढ्याच मागणीवर तीन बैठका गेल्या. अखेर जबाब झाला आणि आरोपपत्र मागे घ्यावे लागले. पुढच्या महिन्यात ठेकेदाराने त्या पोराला काम बंद केले. त्याला पुन्हा कामावर घेतले जाईपर्यंत सात महिने गेले, आणि ते सात महिने त्याच्या घरी चूल कशी पेटली ते आम्हांला ठाऊक आहे.

अशा चौकश्यांची सवय जडलेला माणूस कादंबरी वाचू लागला, की त्याच्या मनात आपोआप एक प्रश्न उभा राहतो: मस्टरवर कोण नाही? मार्टिन यांच्या पहिल्या खंडातले आठही जण मोठ्या घराण्यांतले. अनौरस जॉनसुद्धा सरदाराच्या वाड्यात वाढलेला. उपोद्‌घात तेवढा विल नावाच्या एका चोरट्या शिकाऱ्याच्या नजरेतून येतो, आणि तो उपोद्‌घात संपता संपताच मरतो.

त्याच खंडात खाटकाचा एक पोर आहे, मायका नावाचा. राजाच्या लवाजम्याबरोबर प्रवासात असताना आर्या नदीकाठी त्याच्याबरोबर काठ्यांची लढाई खेळत असते. राजपुत्र जॉफ्री तेथे येतो आणि खऱ्या तलवारीने त्या पोराचा गाल कापतो. आर्या राजपुत्राला काठी हाणते, तिची लांडगी त्याच्या हाताला चावते. मायका जीव घेऊन पळतो. पुढे राजासमोर चौकशी बसते. आर्या एक सांगते, राजपुत्र दुसरे सांगतो. सान्साने सारे पाहिलेले असते, पण ती म्हणते, मला आठवत नाही. लांडगी सापडत नाही, म्हणून तिच्या ऐवजी सान्साची निरपराध लांडगी मारण्याचा निकाल होतो. आणि मायका? त्याला राजपुत्राच्या अंगरक्षकाने घोड्यावरून पाठलाग करून कापलेले असते. हा प्रसंग आपण सान्साच्या नजरेतून वाचतो, एडर्डच्या नजरेतून वाचतो, आर्याच्या मनातल्या अपराधाच्या टोचणीतून वाचतो. तीन नजरा मिळतात. मायकाची मिळत नाही. लांडगीसाठी चौकशी झाली, पोरासाठी झाली नाही.

दुसऱ्या खंडात राजधानीवर आरमार चाल करून येते. टिरियन नदीच्या मुखावर लोखंडी साखळी ओढून शत्रूची गलबते कोंडतो आणि त्यांना आग लावतो. ही लढाई तीन नजरांतून येते. टिरियन तटावरून पाहतो. सान्सा किल्ल्यात बायकांबरोबर कोंडलेली. तिसरा डावोस, शत्रूच्या आरमारातला. साखळी ही टिरियनच्या बुद्धीची करामत म्हणून आपण कौतुक करीत असतो, तोच डावोसच्या प्रकरणात आपण पाण्यात असतो, आणि त्या आगीत त्याचे चार मुलगे जातात. एकच साखळी, दोन बाजूंनी पाहिलेली. पण ती साखळी घडवणारे लोहार? शहरभरच्या लोहारांना टिरियन बोलावतो, हातातले काम टाकून कड्या घडवा म्हणतो आणि नाही म्हणणाऱ्याला दम भरतो. त्यांच्या भट्ट्या रात्रंदिवस चालतात. त्यांच्यातल्या एकाच्याही नावाचे प्रकरण नाही.

त्याच खंडात थिऑन नावाचा तरुण स्टार्कांचा किल्ला घेतो. ब्रॅन आणि त्याचा धाकटा भाऊ निसटतात. आपली नाचक्की होऊ नये म्हणून थिऑन पिठाच्या गिरणीवाल्याची दोन पोरे मारवतो आणि त्यांची मुंडकी स्टार्कांची म्हणून वेशीवर लावतो. आपण थिऑनच्याच डोक्यात बसलेले असतो आणि तरी आपल्याला हे कळत नाही, कारण ते तो स्वतःशीही धड बोलत नाही. ब्रॅन जिवंत आहे हे कळल्यावर वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. त्या निःश्वासात गिरणीवाल्याच्या घरी काय झाले असेल, हे विचारायचे राहून जाते.

ही गोष्ट ऐकून कोणाला काही आठवले का? आदिपर्वातले लाक्षागृह आठवा. पांडव भुयारातून निसटले आणि आत जळाले कोण? जेवायला आलेली एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे. त्यांची प्रेते पांडवांची समजली गेली. आपण लहानपणापासून ही कथा ऐकतो आणि पांडव वाचले म्हणून आनंदतो. त्या सहा जणांची नावेसुद्धा कथेत नाहीत. बंगालीत महाश्वेतादेवींनी ‘कुंती ओ निषादी’ ही कथा लिहिली, तीत त्या जळालेल्या स्त्रीची सून वृद्ध कुंतीसमोर उभी राहते आणि जाब विचारते. न घेतलेला जबाब इतक्या युगांनी नोंदवला गेला, तो असा.

कोणी म्हणेल, लेखकाने काय प्रत्येक लोहाराला आणि खाटकाच्या पोराला प्रकरण द्यावयाचे? मग पुस्तक संपावयाचे कधी? आक्षेप रास्त आहे. चौकशीलाही शेवट असावा लागतो आणि कादंबरीलाही. आणि मार्टिन यांनी दार अगदी बंद ठेवलेले नाही. आता ज्याचे नाव घेतले तो डावोस हा राजधानीच्या झोपडवस्तीत जन्मलेला, चोरट्या मालाची ने-आण करणारा माणूस. वेढ्यात उपाशी मरणाऱ्या किल्ल्यात कांदे पोहोचवले म्हणून त्याच्या धन्याने त्याला सरदारकी दिली आणि आधीच्या चोरीबद्दल त्याच्या डाव्या हाताच्या चार बोटांची पेरेही तोडली. ती हाडे तो गळ्यातल्या पिशवीत बाळगतो. चौथ्या खंडात मेरिबाल्ड नावाचा एक अनवाणी फिरस्ता धर्मोपदेशक आहे. त्याच्या नावाचे प्रकरण नाही. पण ब्रिएनच्या प्रकरणात तो वाटेने चालता चालता सांगतो, की नांगर सोडून धन्याच्या लढाईला नेलेली शेतकऱ्यांची पोरे वाटमारे कशी बनतात. तो स्वतः पोरवयात भावांबरोबर लढाईला गेलेला आहे. ब्रिएन ऐकते, आणि तिच्याबरोबर आपण ऐकतो. ज्याला स्वतःचे प्रकरण मिळत नाही, त्याचे म्हणणे दुसऱ्याच्या प्रकरणातून पोहोचू शकते. मात्र त्या प्रकरणातल्या माणसाला ऐकण्याची बुद्धी हवी. आमच्या त्या हेल्परचा जबाब असाच दुसऱ्याच्या चौकशीतून कागदावर आला.

तेव्हा असली कादंबरी हाती आली तर काय करावे, हे थोडक्यात सांगतो. प्रकरण संपले की क्षणभर थांबून विचारावे: याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक असणे शक्य नाही? नावडत्याचे प्रकरण गाळू नये. सगळ्यांचे ऐकून झाल्यावर निकाल देण्याचे टाळू नये. आणि शेवटी, पुस्तक मिटण्यापूर्वी, ज्यांच्या नावाचे प्रकरण नाही त्यांची एक यादी मनाशी करावी. ड्रॅगन आणि बर्फाच्या भिंती ही या पुस्तकाची शोभा आहे, ती आम्हांलाही आवडते. पण या यादीची सवय लागली, तर ती वर्तमानपत्र वाचतानाही सुटत नाही. पूल पडल्याची बातमी येते, तीत मंत्र्यांचे म्हणणे असते, अभियंत्याचे असते, कंत्राटदाराचे असते. स्लॅबवर उभा असलेला गवंडी कोणत्या ओळीत आहे, हे आपण शोधू लागतो.

वाचनालयात ही पुस्तके आहेत, जाड आहेत म्हणून कोणी बिचकू नये. रोज एक प्रकरण, म्हणजे एका माणसाचे म्हणणे, एवढे ठेवले तर पहिला खंड अडीच महिन्यांत होतो.  प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत. मागच्या रांगेतल्या मंडळींनी आधी विचारावेत, अशी अध्यक्षमहाराजांना आमची विनंती आहे.